नसलेला खिळा

आमचे अब्बा सोलापुरातल्या एका छापखान्यात कंपोझिटर होते. तीस वर्षे त्यांनी मराठी खिळे जुळवले. लग्नपत्रिका, कीर्तनाची हस्तपत्रके, निवडणुकीचे जाहीरनामे, शाळांच्या प्रश्नपत्रिका, एकदा तर एका संस्थेचा ज्ञानेश्वरीवरचा ग्रंथ. हातात स्टिक, समोर खणाखणांची लाकडी केस, आणि बोटे न बघता नेमक्या खणात जायची. लेखकाचे ऱ्हस्वदीर्घ चुकले तर ते बोलायचे नाहीत, गुपचूप बरोबर जुळवायचे. छापखान्यात संगणक आला तेव्हा मालकांनी त्यांना प्रूफवाचक म्हणून ठेवून घेतले. निवृत्त होताना अब्बांनी मालकांकडून एक रिकामी केस मागून आणली. ती अजून आमच्या माळ्यावर आहे.

आम्ही म्हणजे दोघे बहीणभाऊ. घरात दखनी बोलायची, शाळेत मराठी लिहायची, मशिदीच्या मकतबात उर्दू गिरवायची, असे आमचे बालपण गेले. दखनीला लोक बिघडलेली उर्दू म्हणतात. पण तिच्यातला 'नक्को' आणि जोर देऊन लावलेला 'च' हे दोन्ही मराठीच्या अंगणातून आलेले आहेत, हे अब्बांनी आम्हाला लहानपणीच दाखवून दिले होते. तरीही चौथीत असताना निबंधात आमच्यापैकी थोरलीने 'माझी खाला' असे लिहिले, तेव्हा बाईंनी 'खाला' या शब्दाखाली लाल रेघ मारली आणि वर 'मावशी' लिहिले. दोन गुण गेले. बाई वाईट नव्हत्या, जीव लावणाऱ्या होत्या. ज्या कागदावर, ज्या शाईने ती रेघ मारली ते 'कागद' आणि 'शाई' हे शब्दही 'खाला'च्याच गावाकडून आलेले आहेत, हे त्यांच्या मनात आले नसेल, इतकेच. ही गोष्ट आम्ही पुढे बऱ्याच वेळा हसत हसत सांगितली. पण आम्ही स्वतः तेच करू, असे कधी वाटले नव्हते.

२००९ साली आम्ही घराच्या पुढच्या खोलीत संगणकाचा वर्ग सुरू केला. थोरली शिकवायची, धाकटा यंत्रे सांभाळायचा. जुन्या बाजारातून घेतलेले आठ संगणक, कोपऱ्यात एक जरा बऱ्या स्थितीतला नववा, आणि भारनियमनाच्या वेळा लिहिलेला खडूचा फळा. मोहल्ल्यातल्या मुली जास्त यायच्या. कुणाची आई विड्या वळायची, कुणाचे वडील चादरीच्या कारखान्यात मागावर. दहावी-बारावी झालेल्या या मुलींना घरी बसून करता येईल असे काम हवे होते, म्हणून आम्ही वेबपाने करायला शिकवू लागलो.

जुन्या यंत्रांवर काही बसवायचे म्हणजे रोज नवे दुखणे. म्हणून २०१४ च्या सुरुवातीला आम्ही ठरवले, की कोड लिहायचा एडिटर ब्राउझरमध्येच चालवायचा. कोपऱ्यातल्या संगणकावर सगळे ठेवायचे. मुलींनी नुसता ब्राउझर उघडायचा, लिहायचे, आणि लिहिलेले कोपऱ्यात जमा व्हायचे. वीज गेली तरी मागच्या मिनिटापर्यंतचे काम शाबूत. यासाठी आम्ही कोडमिरर घेतला. मरैन हावरबेके या डच प्रोग्रामरने २००७ मध्ये सुरू केलेला हा एडिटर. तो फुकट मिळतो, आणि आत काय आहे ते कुणालाही उघडून वाचता येते.

आता ज्यांना या विषयाची ओळख नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. छापखान्यात हस्तलिखित आले की त्याच्या समासात मालक पेन्सिलीने खुणा करायचे: मथळा अठरा पॉइंट काळा, खाली एक ओळ सोडा, उतारा बारीक टायपात. मजकूर लेखकाचा, खुणा मालकांच्या. मजकुराला हात न लावता खुणा बदलल्या की तेच पुस्तक वेगळे दिसायचे. वेबपानाचेही तसेच असते. मजकूर एका फायलीत, आणि तो कसा दिसावा याच्या खुणा दुसऱ्या फायलीत. या दुसऱ्या फायलीला स्टाइलशीट म्हणतात, आणि तिची भाषा म्हणजे सीएसएस. होकून विउम ली या नॉर्वेच्या माणसाने ऑक्टोबर १९९४ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेत काम करताना तिची कल्पना मांडली. डिसेंबर १९९६ मध्ये तिची पहिली अधिकृत शिफारस निघाली.

सीएसएस शिकवायला सोपी, पण मोठ्या कामात कंटाळवाणी. एकच रंग चाळीस ठिकाणी लिहायचा, आणि बदलायचा तर चाळीस ठिकाणी बदलायचा. म्हणून काही लोकांनी तिच्यावर बेतलेल्या नव्या भाषा काढल्या. त्यांतली एक लेस. २००९ साली अलेक्सी सेलिए यांनी ती तयार केली. लेसमध्ये रंगाला एक नाव देता येते, आणि एका नियमाच्या पोटात दुसरा नियम लिहिता येतो. लिहून झाले की लेसची साधी सीएसएस करून ब्राउझरला द्यायची. त्या वर्षी सगळीकडे बूटस्ट्रॅप चालू होते. ट्विटरमधल्या दोघांनी २०११ साली जगासाठी खुला केलेला हा तयार साच्यांचा संच. ऑगस्ट २०१३ मध्ये आलेली त्याची तिसरी आवृत्ती लेसमध्येच लिहिलेली होती. पुण्याचे कुणी गिऱ्हाईक काम द्यायचे म्हटले की पहिला प्रश्न हाच असायचा: बूटस्ट्रॅप येते का?

तेव्हा आम्ही वर्गात लेस शिकवायची ठरवली. पहिल्याच दिवशी पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "आपा, लेस म्हणजे साडीला लावतो ती?" सगळ्या हसल्या. ती मुलगी आपल्या खालाच्या शिवणकामाच्या दुकानात हाताखाली काम करत असे. आम्हीही हसलो आणि म्हणालो, तसेच समज. कापड सीएसएसचे, वर लेस लावायची.

पण लेसची फाइल आमच्या एडिटरमध्ये उघडली आणि पडदा लाल झाला.

याचे कारण सांगायला हवे. कोड लिहिताना एडिटर शब्दांना रंग देतो. नावे एका रंगात, आकडे दुसऱ्या, टीप तिसऱ्या. चुकलेला शब्द लाल. हे रंग देण्यासाठी एडिटरला त्या त्या भाषेचा एक वाचक लागतो. हा वाचक म्हणजे एक छोटा प्रोग्राम. तो ओळीवरून एकेक अक्षर सरकतो आणि ठरवतो, की इथे एक शब्द संपला, तो अमुक जातीचा. ओळ संपली की आपण कुठे आहोत हे तो एका चिठ्ठीवर लिहून ठेवतो: सध्या एका टिपेच्या आत आहोत, किंवा एका महिरपी कंसाच्या आत आहोत. पुढची ओळ तो ती चिठ्ठी वाचून सुरू करतो. त्यामुळे हजार ओळींच्या मधली एक ओळ बदलली तरी सगळी फाइल पुन्हा वाचावी लागत नाही. जवळच्या चिठ्ठीपासून सुरू करता येते. गॅली पुसून पुन्हा जुळवायची नाही, बिघडलेली ओळ तेवढी काढायची, असे अब्बांच्या भाषेत म्हणता येईल.

आमच्याकडे वाचक होता तो नुसत्या सीएसएसचा. एका नियमाच्या पोटात दुसरा नियम दिसला की तो म्हणायचा, हे इथे चालत नाही. त्याच्या व्याकरणाप्रमाणे ते खरेच होते. पण लेसच्या व्याकरणाप्रमाणे ते बरोबर होते. वाचक चुकीचा नव्हता, तो परक्या भाषेचा होता.

कोडमिररबरोबर लेसचा तयार वाचक मिळत होता. तो जोडला असता तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण आम्हाला थोडा माज आला होता. दुसऱ्याचा शिवलेला कुर्ता कशाला, आपण शिवू, असे वाटले. शिकायलाही मिळेल, असे मनाला सांगितले. मग रमजानच्या महिनाभर तरावीहची नमाज आटोपून सेहरीपर्यंत आम्ही दोघे त्या वाचकामागे लागलो.

शिकायला मिळाले, हे खोटे नाही. लेसमध्ये दोन तिरक्या रेघा दिल्या की उरलेली ओळ टीप होते. सीएसएसमध्ये तसे नसते. आम्ही दोन रेघांचा नियम घातला, आणि जिथे चित्राचा पत्ता लिहिला होता तिथे एचटीटीपीनंतरच्या दोन रेघांपासून पुढचे सगळे टीप म्हणून करडे झाले. पत्त्याच्या कंसात असताना टीप शोधू नये, हे चिठ्ठीवर लिहायला शिकलो. लेसमधल्या रंगाच्या नावापुढे 'अ‍ॅट'ची खूण असते, आणि सीएसएसमधल्या काही हुकमांपुढेही तीच खूण असते. मग हुकमांची यादी आधी तपासायची, यादीत नसेल तर ते कुणीतरी ठेवलेले नाव समजायचे, असे केले. सगळ्यात अवघड निघाली ती विसर्गासारखी दिसणारी दोन टिंबे. गुण आणि त्याची किंमत यांच्या मध्येही तीच, आणि दुव्यावर माउस आला की काय करायचे हे सांगतानाही तीच. नियमाच्या पोटात नियम आला, की पुढे महिरपी कंस येतो की अर्धविराम, हे पाहिल्याशिवाय कशाचे काय ते कळत नाही. आणि वाचक तर अक्षर अक्षर पुढे जाणारा, त्याला ओळीचा शेवट आधी कसा दिसणार? आम्ही पहिला शब्द गुणांच्या यादीत आहे का ते बघून अंदाज बांधला. बहुतेक वेळा अंदाज बरोबर ठरायचा.

वाचकाच्या अगदी शेवटी एक ओळ लागते. वरच्यापैकी कशातच बसत नाही असे अक्षर आले तर काय करायचे? आम्ही लिहिले: चूक. लाल रंग. तेव्हा ते फारच स्वच्छ आणि कडक वाटले. ईदच्या दुसऱ्या दिवशी वर्गात नवा एडिटर सुरू झाला. बूटस्ट्रॅपची फाइल उघडली तर एकही अक्षर लाल नाही. आम्ही एकमेकांकडे बघून हसलो. मग उत्साहाच्या भरात आणखी एक गोष्ट केली. महिन्याच्या परीक्षेत तपासायचे श्रम वाचावेत म्हणून पानावर किती ठिकाणी लाल आहे ते मोजायची सोय केली. दर लाल खुणेला अर्धा गुण वजा.

त्या महिन्याची परीक्षा होती, आवडीच्या दुकानाचे एक पान करा. पुढच्या बाकावरच्या मुलीने अर्थातच खालाच्या दुकानाचे पान केले. फिक्या रंगावर गर्द कडा, मधे कुर्त्यांची चित्रे, खाली दरपत्रक. नीटनेटके, तिच्या शिवणीसारखे. आणि मोजणीने तिला वीसपैकी शून्य दिले.

आम्ही तिची फाइल उघडली. तिने आपल्या नियमांना नावे दिली होती: टिंब देऊन 'गोट', टिंब देऊन 'झालर', टिंब देऊन 'कळी'. देवनागरीत. सगळी लाल. 'झालर' हा एक शब्द, पण आमच्या मोजणीने त्याच्या चार चुका केल्या होत्या: झ एक, काना दोन, ल तीन, र चार. प्रत्येक काना, प्रत्येक वेलांटी म्हणजे एकेक अपराध.

"आपा, कडेला बॉर्डर म्हणजे गोटच ना?" ती म्हणाली. "आणि पान तर बरोबर दिसतंय."

खरेच पान बरोबर दिसत होते. ब्राउझरने काही तक्रार केली नव्हती. आणि आम्ही काय म्हणालो? आम्ही म्हणालो, "दिसतंय बरोबर, पण लिहिलंय चुकीचं. कोडमध्ये आपली भाषा चालत नाही."

ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी आली नाही. त्या आठवड्यात आली नाही.

पान बरोबर दिसतंय, हे तिचे वाक्य मात्र आमच्या डोक्यातून जाईना. चूक असते तर ब्राउझरने ते नियम टाकून दिले असते. एका रात्री आम्ही सीएसएसचा मूळ नियमग्रंथ काढून बसलो. १९९८ मध्ये निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीच्या शिफारशीत स्पष्ट लिहिले आहे, की नावात इंग्रजी अक्षरे, आकडे आणि जोडरेघ चालतात, आणि त्यांच्याबरोबर जागतिक अक्षरसूचीतली १६१ व्या क्रमांकापासून पुढची सगळी अक्षरेही चालतात. देवनागरीचा पट्टा त्या सूचीत २३०४ पासून सुरू होतो. म्हणजे आम्ही वर्ग काढला त्याच्या अकरा वर्षे आधीपासून 'गोट' कायद्याने चालत होते. लेसचा भाषांतर करणारा प्रोग्राम वाचला. त्यातही टिंबानंतरच्या नावात परकी अक्षरे घेण्याची तरतूद होती.

मग अडले कुठे? आमच्याच वाचकात. नावातली अक्षरे ओळखण्यासाठी आम्ही जावास्क्रिप्टमधली एक तयार खूण वापरली होती, जी सगळेच वापरतात. तिचा अर्थ 'शब्दात येणारे अक्षर' असा सांगतात. पण ती खूण ओळखते फक्त इंग्रजी मोठी सव्वीस, लहान सव्वीस, दहा आकडे आणि एक खालची रेघ. एकूण ६३. त्रेसष्ट खिळ्यांची केस घेऊन आम्ही मराठी जुळवायला बसलो होतो, आणि जे जुळत नव्हते त्याला चूक म्हणत होतो.

तयार वाचकातही अशी नावे ओळखायला हीच आखूड खूण होती, हे आम्ही नंतर पाहिले. पण त्यात आणि आमच्यात एक फरक होता. त्याला न कळलेले अक्षर तो बिनरंगाचे सोडून द्यायचा. लाल करायचा नाही. लाल करणारी ओळ आमची होती, आणि लालाचे गुण कापणारी मोजणीही आमची.

सकाळी चहाच्या वेळी अब्बांना सांगितले. ते तेव्हा सत्तरीत होते, मोतीबिंदूचे एक ऑपरेशन झाले होते. पडद्यावरचे त्यांना फारसे दिसायचे नाही, पण ऐकून घेतले. मग म्हणाले, "केस में खिळा नै, तो लफ्ज गलत कैसा होता?"

आणि त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी आम्ही छापखान्यात इतके खेळलो तरी आम्हाला ठाऊक नव्हती. मोठे काम चालू असताना एखादे जोडाक्षर संपायचे. फाउंड्रीतून नवे खिळे यायला दिवस लागायचे. तेव्हा कंपोझिटर काम थांबवत नसे आणि शब्दही बदलत नसे. त्या जागी तेवढ्याच रुंदीचा दुसरा कुठलातरी खिळा उलटा घालायचा. प्रूफ काढले की तिथे अक्षराऐवजी खिळ्याच्या बुडाचा काळा ठोकळा उमटायचा. प्रूफ वाचणाऱ्याला कळायचे, की इथे चूक नाही, इथे खिळा यायचा बाकी आहे. "काला ठप्पा मतलब हमारी कमी," अब्बा म्हणाले. "लिखनेवाले की नै. छोकरी कू कुछ नक्को बोलो, पहले अपनी केस भरो."

त्या दिवशी आम्ही केस भरली. काम म्हणाल तर अर्ध्या तासाचे. जिथे जिथे ६३ अक्षरांची खूण होती तिथे तिच्या शेजारी १६१ पासून ६५५३५ पर्यंतचा पट्टा लिहिला. 'झालर' एका घासात, एका रंगात, एक शब्द म्हणून वाचला गेला. मग ती शेवटची ओळ काढली. आता वाचकाला काही कळले नाही तर तो ते अक्षर काळेच ठेवतो. लाल फक्त तेव्हाच, जेव्हा ते चूक आहे हे त्याला नक्की माहीत असते: उघडलेला कंस मिटला नाही, अवतरणचिन्ह ओळीच्या शेवटी लोंबकळत राहिले. कळणे, न कळणे आणि चुकणे या तीन गोष्टी आहेत. आम्ही त्यांच्या दोनच केल्या होत्या. मोजणीची सोयही काढून टाकली, पुन्हा डोळ्यांनी तपासू लागलो.

एका ठिकाणी मात्र देवनागरी लाल ठेवावी लागली. लेसमध्ये रंगाला नाव देताना भाषांतर करणारा प्रोग्राम खरोखरच फक्त ती ६३ अक्षरे आणि जोडरेघ घेतो. तिथे 'गोटरंग' असे मराठीत लिहिले तर काम अडते. ती मर्यादा लेसची आहे, मुलीची नाही, पण अडते हे सत्य आहे. ते लपवून तिला खोटा हिरवा कंदील दाखवणे हाही अन्यायच झाला असता. आम्ही तिथे लाल खुणेजवळ मराठीत एक वाक्य दिसेल अशी सोय केली: लेसला हे अक्षर अजून येत नाही.

संध्याकाळी आम्ही दोघे तिच्या घरी गेलो. दारात तिची अम्मी सुपात विड्यांची पाने कातरत बसली होती. आम्हाला बघून गडबडली. वर्गाची फी राहिली होती, तिला वाटले त्यासाठी आलो. आम्ही म्हणालो, "अम्मी, चूक आमची होती, ती सांगायला आलो." मुलगी आतून आली. आम्ही सगळे सांगितले. नियमग्रंथ, १६१, खिळा. वीसपैकी अठरा गुण आहेत, हेही सांगितले. तिने ऐकून घेतले. मग हळूच म्हणाली, "आपा, मी नावं बदलली सगळी. बॉर्डर-वन, बॉर्डर-टू."

"आता परत गोट लिहू शकतेस," आम्ही म्हणालो.

"इथं चालेल. दुसऱ्यांच्या एडिटरमध्ये?"

याचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. ती पुढच्या सोमवारपासून परत आली, अभ्यासक्रम चांगल्या रीतीने पुरा केला. आज ती घरी बसून पुण्यातल्या लोकांची कामे करते, आमच्यापेक्षा बरे कमावते. पण तिच्या कोडमध्ये 'गोट' परत आले नाही. आम्ही तिला कधी विचारलेही नाही. एकदा मारलेली लाल रेघ रबराने पुसली जाते, पण मूल तो शब्द पुन्हा लिहिताना थबकते. आमच्या थोरलीने 'खाला' हा शब्द मराठी लेखनात पुन्हा वापरला तो चाळिशी गाठल्यावर. हे आम्हाला माहीत असायला हवे होते.

अब्बा २०१९ मध्ये गेले. त्यानंतर या क्षेत्रात पुष्कळ बदल झाले. लेस मागे पडली. बूटस्ट्रॅपनेच २०१८ साली आलेल्या चौथ्या आवृत्तीत तिला सोडून सास ही दुसरी भाषा धरली. नावे ठेवायची सोय ब्राउझरांनी सीएसएसमध्येच आणली, आणि तिथे देवनागरी नाव चालते. २०२३ साली तर मोठ्या ब्राउझरांनी नियमाच्या पोटात नियम लिहिण्याची सोयही साध्या सीएसएसला दिली. ज्या लिहिण्याला २०१४ मध्ये सीएसएसचा वाचक लाल करत होता, ते आज सीएसएसच आहे. ते लिहिणाऱ्यांनी काही बदलले नाही, व्याकरण त्यांच्याकडे चालत आले. कोडमिररही नव्याने लिहिला गेला. २०२२ मध्ये पक्क्या झालेल्या त्याच्या सहाव्या आवृत्तीतला सीएसएसचा वाचक नावात आपली अक्षरे निमूट घेतो. आम्ही आता तोच तयार वाचक वापरतो. स्वतः शिवायचा हट्ट राहिला नाही.

एक प्रथा मात्र ठेवली आहे. नवी तुकडी आली की पहिल्या दिवशी सांगतो, एका नियमाला घरच्या बोलीतले नाव द्या. मुली-मुलगे 'चौकट' लिहितात, 'उंबरा' लिहितात, तेलुगू घरातला कुणी तेलुगूत लिहितो. मग आम्ही सगळे मिळून बघतो, एडिटर काय करतो ते. रंग आला तर ठीक. नाही आला तर केस कुठे रिकामी आहे ते शोधायचे काम आमचे.

गेल्या तुकडीत एका मुलाने उर्दू लिपीत लिहिले. एक नाव लिहिले तोवर ठीक होते. मग त्याने 'गोटच्या आतली झालर' असा नियम लिहिला, म्हणजे आधी गोट, मग झालर. पडद्यावर झालर डावीकडे आणि गोट उजवीकडे दिसू लागली. फायलीत क्रम बरोबर, ब्राउझरलाही बरोबर कळतो. पण दोन उर्दू शब्द शेजारी आले की उजवीकडून डावीकडे मांडायचे, हा लिपीचा धर्म पडदा पाळतो आणि मधले टिंबही त्यांच्याबरोबर वाहत जाते. इंग्रजीच्या सवयीने वाचणाऱ्याला वाटते, नियम उलटा लिहिला आहे.

मुलाने आमच्याकडे बघितले. "सर, हे चुकलंय का?"

"तुझं नाही," आम्ही म्हणालो. "आमचा खिळा यायचाय."

सध्या रात्री आम्ही दोघे त्याच्यामागे आहोत.